दादाच्या यंत्राची झोप

१० फेब्रुवारी

आज दादाचा विनोद मेला. आणि मारला माझ्या यंत्रानं!

दादाकडे लिलावघराच्या मालकीणबाई आल्या होत्या. आजारी पडेपर्यंत दादा त्यांच्याकडे लिलाव पुकारायचा – जुनी कपाटं, आरसे, बंद पडलेल्या हॉटेलांची भांडी. बाई भेटायला आल्या, पण बोलताना श्वास घ्यायलाही थांबत नव्हत्या. दादाच्या जागी घेतलेला नवा पुकारणारा किती मिळमिळीत आहे ते सांगत होत्या. “अहो, समोर बसलेले लोक चक्क डुलक्या काढतात!”

दादाचं बोट लगेच खुर्चीवरच्या बोलक्या यंत्रावर हलायला लागलं. मी शेजारीच होते, पडदा दिसत होता. एकेक अक्षर उमटत गेलं. ‘मग त्यांना पलंग विका.’ लिहून झालं आणि दादा थांबला – बाईंचं वाक्य संपायची वाट बघत. हे त्याचं जुनं कसब. आवाज होता तेव्हाही तो असाच दबा धरून बसायचा आणि मग नेमका घाव घालायचा.

बाई काही थांबेनात. अखेर जराशी फट मिळाली, दादानं ‘बोल’ दाबलं. आणि यंत्र झोपलेलं! एवढा वेळ कुणी काही दाबलं नाही म्हणजे काम संपलं, असा त्यानं अर्थ काढला आणि ताणून दिली. ते उठेपर्यंत बाई नवऱ्याच्या ऑपरेशनवर पोचल्या होत्या. “डॉक्टर म्हणाले, आता काही महिने त्यांना पाठीवर झोपताच येणार नाही–”

“...ग त्यांना पलंग विका!” यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं. पहिलं अक्षर गिळून.

बाईंचा चेहरा खाडकन उतरला. वहिनी सारवासारव करायला धावली, पण करणार काय? बाई पाच मिनिटांत निघून गेल्या.

मग दादानं सावकाश लिहिलं, “ठमे, वेळेवर आला तर विनोद. उशिरा आला तर गुन्हा.”

मला माझं काम येतं. हे मी दुरुस्त करणार.

११ फेब्रुवारी

काल रागात सगळं अर्धवट लिहिलं. आज नीट मांडते, म्हणजे माझं मलाच दिसेल.

दादाचा आजार स्नायूंचा. आधी पाय गेले, मग डावा हात, मग आवाज. उरलं उजव्या हाताचं एक बोट. त्याच्या खुर्चीच्या दांड्यावर आमच्या कंपनीचं बोलकं यंत्र बसवलंय – अक्षरं दाबायची, ‘बोल’ दाबायचं, यंत्र बोलतं. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममधला एक तुकडा माझा. प्रोसेसरला कधी झोपवायचं, किती गाढ झोपवायचं आणि कधी उठवायचं, हे तो तुकडा ठरवतो.

डुलकी वेगळी, गाढ झोप वेगळी. डुलकीतला प्रोसेसर हाक मारताच उठतो, पण वीज बेताचीच वाचते. गाढ झोपेत जवळजवळ सगळं बंद होतं, आवाजाचा भागसुद्धा. वीज भरपूर वाचते, पण उठायला वेळ लागतो. त्यातही आवाजाचा भाग सगळ्यांत शेवटी डोळे चोळत येतो, म्हणून पहिलं अक्षर गडप!

मग कुठली झोप द्यायची? माझा तुकडा अंदाज बांधतो. मागच्या काही वेळा प्रोसेसर किती किती वेळ रिकामा बसला होता ते बघतो आणि आता किती वेळ रिकामा बसेल ते ठरवतो. कंपनीत या तुकड्याचं कौतुक झालं होतं. बॅटरी दिवसभर पुरते ती त्याच्याच जिवावर.

पण एक गोष्ट मी त्याला शिकवलीच नाही. दादा लिहून थांबतो तेव्हा तो रिकामा नसतो. वाट बघत असतो. आणि माझा तुकडा दोन्हीला एकाच मापानं मोजतो.

१३ फेब्रुवारी

बॅटरीबुवाशी भांडण. म्हणजे नेहमीचंच. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, यंत्राची बॅटरी सांभाळतो आणि वीज अशी जपतो की जणू घरून डब्यात भरून आणतो.

मी म्हटलं, “यंत्राला गाढ झोपवायचंच नाही.”

“करून बघ,” म्हणाला. एवढंच.

केलं. दुपारच्या जेवणाच्या आत बॅटरी संपली आणि यंत्र इस्त्रीसारखं तापलं. मोठी बॅटरी लावायची, तर खुर्चीच्या दांड्याला तेवढं वजन पेलत नाही. बुवा शांतपणे आपलं सफरचंद खात राहिला. त्याचं हे न बोलणं फार बोचतं!

१४ फेब्रुवारी

सापडलं! आणि इतकं सोपं की लाज वाटावी.

अंदाज बांधायचाच कशाला? विचारायचं! पडद्यावर लिहिलेलं पण न बोललेलं वाक्य आहे का? आहे, म्हणजे माणूस वाट बघतोय. तेव्हा बोलण्याच्या प्रोग्रॅमनं सिस्टीमला बजावायचं – अजून बोलायचं राहिलंय, डुलकी घे हवी तर, पण गाढ झोपायचं नाही. वाक्य बोलून झालं की मग खुशाल घोर.

बुवानं वाचलं. “आणि कुणी वाक्य लिहून तसंच ठेवलं तर?”

“कोण ठेवेल?” मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी

नवं काम दादाच्या यंत्रात घातलं. वहिनी सूप घेऊन आली. पहिल्या चमच्यालाच दादा काहीतरी लिहून थांबला. “आज यात मीठ जरा–” एवढं म्हणते तोच यंत्रानं वाक्य पुरं केलं, “–समुद्राला परत कर!” एक अक्षर गिळलं नाही. उशीर नाही. आम्ही तिघंही हसत सुटलो. दादा हसतो तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.

वहिनी म्हणाली, “यंत्र हळू होतं तेच बरं होतं गं बाई. सगळे वाद मी जिंकत होते.”

१८ फेब्रुवारी

दादानं मालकीणबाईंना फोन लावायला सांगितला. माफी मागितली. मग म्हणाला, “पण पलंग खरंच विका.” बाई हसल्या! मी कान लावून ऐकत होते.

२१ फेब्रुवारी

दादा सुटलाय नुसता. वहिनी म्हणते, घरात पुन्हा लिलाव सुरू झालाय.

२५ फेब्रुवारी

वाईट दिवस.

वहिनी दादाला दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर नवे होते. दादाचा खांदा धरून फिरवायला लागले. दादाला कळ आली, त्यानं बोट नेलं – आणि यंत्र मेलेलं. झोपलेलं नाही, मेलेलं! बॅटरी संपलेली. डॉक्टर खांदा फिरवतच राहिले. वहिनीचं लक्ष दादाच्या डोळ्यांकडे गेलं, पाणी वाहत होतं, तेव्हा ती ओरडली.

घरी येऊन यंत्र चार्जिंगला लावलं तर पडद्यावर एक वाक्य. सकाळी वहिनीवर चिडून काहीतरी तिखट लिहिलं होतं. मग राग गेला, दादा ते बोलला नाही. पण पुसलंही नाही. न बोललेलं वाक्य! माझ्या यंत्रानं इमानेइतबारे त्याची राखण केली. गाढ झोपलंच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत बॅटरीचा खडखडाट.

वहिनी फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “विनोद उशिरा आला तरी चालतो गं. ‘दुखतंय’ हे यायलाच हवं.”

२६ फेब्रुवारी

बुवानं तोच प्रश्न विचारला होता. आणि मी म्हटलं होतं, कोण ठेवेल!

दादाच्या यंत्रात जुनं काम परत घातलं. हळू असेल, पण दिवसभर जिवंत राहील.  

हरले नाहीये. एवढंच, की एक बाजू सावरताना दुसरीकडे पाठ फिरवली. दोन्ही बाजू एकदम बघायला हव्यात.

२८ फेब्रुवारी

बॅटरीबुवा “मी सांगितलं होतं” असं म्हणाला नाही. त्याऐवजी माझ्यासाठी कॉफी आणली. हे तर आणखी वाईट!

मग म्हणाला, “तुझ्या दादाला एकदा बघू तरी.” आजवर तो कधी आला नव्हता. ऑफिसातून दोघं गेलो. दादानं त्याला नखशिखांत बघितलं आणि लिहिलं, “वीज वाचवणारे तुम्हीच का? चेहऱ्यावरही वाचवलेली दिसते.” यंत्र उशिरा बोललं, पहिलं अक्षर खाऊन बोललं. तरी बुवा हसला! मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मग तो नुसता दादाचं बोट बघत बसला. मी दादाला शंभर वेळा लिहिताना पाहिलंय, पण मी नेहमी पडदा बघते. बोट बघत नाही.

दादाचं बोट आधी उठतं. हवेत थांबतं, जागा शोधतं. आणि मग खाली येतं – सावकाश, पाण्यात बुडणाऱ्या पानासारखं.

“एवढ्या वेळात कुंभकर्णसुद्धा उठेल,” बुवा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे. दोघांनाही एकदमच कळलं.

यंत्राच्या कडेला एक इवलासा सेन्सर आहे. फोन कानाला लावला की पडदा बंद होतो ना, ते ज्यामुळे होतं तसलाच. पुढ्यात काही आलं की त्याला कळतं आणि त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. आम्ही तो पडदा झाकला गेलाय का एवढं बघायलाच वापरत होतो. तो बोट उठताना बघू शकतो! बोट उठलं की प्रोसेसरला उठवायचं. बोट खाली टेकेपर्यंत प्रोसेसर, आवाज, सगळे तोंड धुऊन तयार. मग मधल्या वेळात हवं तेवढं गाढ झोपू दे, न बोललेलं वाक्य असो नाहीतर नसो.

दादाचं बोट हळू येतं, म्हणून मला वेळ मिळतो. किती विचित्र. पण चालेल.

४ मार्च

सेन्सर नुसताच हुशार, अक्कल शून्य! खुर्चीवरच्या शालीचं टोक हललं तरी यंत्र उठून बसतं. वहिनी पुसायला फडकं घेऊन आली तरी उठून बसतं. बुवानं त्याला बोट आणि फडकं यांतला फरक शिकवला, मी उठल्यावरचं बघितलं. पूर्वी झोपेतून उठल्यावर प्रोसेसर आळोखेपिळोखे देत हळूहळू वेग घ्यायचा. आता उठल्या उठल्या पूर्ण वेगात, काम उरकून पुन्हा आडवा. रेंगाळत काम करण्यापेक्षा यातच वीज कमी जाते. बुवालाही पटलं. “पळत जा, उरक, ये, झोप,” म्हणाला. मी त्याला सांगितलं, हे तुझ्या टेबलावर लिहून लाव.

८ मार्च

चार दिवस दादाच्या यंत्रात नवं काम आहे. बॅटरी रात्री झोपेपर्यंत पुरून उरते. आणि आवाज बोट टेकताक्षणी! मुद्दाम सकाळी एक वाक्य लिहून तसंच ठेवायला सांगितलं. संध्याकाळी दाबलं. यंत्र म्हणालं, “दिवसभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार!”

वहिनीनं मला मिठी मारली. बास, आणखी काय हवं?

१० मार्च

आणखी मिळालं! मालकीणबाईंचा फोन. मिळमिळीत माणूस सोडून गेला. येत्या शनिवारी शेवटच्या काही वस्तू दादा पुकारेल का?

दादानं लिहिलं, “दया येत असेल तर नको.”

“दया?” बाई फोनमधून कडाडल्या. “अहो, माझ्यावर दया करा! नवा माणूस शोधेपर्यंत मी काय स्वतः पुकारू? मला तर ‘थांबा’ हा शब्दच येत नाही!”

खरं आहे. नाहीच येत.

१२ मार्च

लिलावासाठी मोठी मोठी बटणं केली. ‘एक वार’, ‘दोन वार’, ‘तीन वार’, आकडे, आणि शेवटचं ‘गेला!’. दादानं बघितलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी शाळेतच गेले. लिहिलं, “खुर्ची गेला? कपाट गेला? ठमे, तुला मराठी कुणी शिकवलं?”

आता तीन बटणं आहेत. गेला, गेली, गेलं.

१३ मार्च

बुवाला एकच धास्ती. पुकारताना दादा बोट बटणावर धरून थांबेल, मग सेन्सरला बोट सतत दिसणार, मग झोप नाही. मी हिशेब करून दाखवला – बोट अधांतरी असेल तोवर नुसती डुलकी, एका दुपारपुरती बॅटरी आरामात पुरेल. जादा बॅटरी न्यायची नाही. माझा माझ्या कामावर विश्वास आहे. बुवा “बरं” म्हणाला. हे “बरं” मला ओळखीचं आहे.

१५ मार्च

 

लिलावघर म्हणजे लांबलचक शेड, वर पत्रे, खाली लाकडाचा वास. लोक कपाटांचे दरवाजे उघडून बघतायत, खुर्च्या उलट्या करतायत. दादाला पुढच्या चौथऱ्यावर चढवलं, यंत्राची वायर तिथल्या स्पीकरला जोडली. लोक बघायला लागले. काहींनी नजर वळवली. एक माणूस बायकोला म्हणाला, “हे पुकारणार?” हळू म्हणाला, पण पत्र्याखाली सगळं ऐकू येतं.

पहिली वस्तू आरसा. दादा नुसता आकडे पुकारत गेला, साधं, सरळ. लोक अजून अवघडलेले. मग आली न्हाव्याची जुनी खुर्ची – फिरणारी, पाय ठेवायला लोखंडी पट्टी. बाईंनी माहिती सांगितली. खालून कुणीतरी ओरडलं, “बसायला बरी आहे का पण?”

दादानं वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं! घरून निघतानाच. इतका वेळ न बोललेलं, यंत्र मधल्या वेळात गाढ झोपलेलं. त्याचं बोट उठलं. मी श्वास धरला. बोट टेकलं.

“खुर्चीतलं मला विचारा!”

 पत्रे हलतील असा हशा! तो “हे पुकारणार?” वाला माणूस तर वाकून वाकून हसत होता. तिथून पुढे शेड दादाची.

बोली दोघांतच राहिली – मागचा एक जाडजूड गृहस्थ आणि पुढची चष्मेवाली बाई. गृहस्थ थांबले. दादा म्हणाला, “एक वार.” थांबला. “दोन वार.” आणि मग त्याचं बोट वर, हवेत. खाली येईना.  मला वाटलं काही बिघडलं. पण दादाची नजर त्या गृहस्थांवर होती. तो काहीच करत नव्हता, फक्त बघत होता. पूर्वीचा दादा!  गृहस्थ चुळबुळले, मान खाजवली, आणि हात वर केला.

चष्मेवाली बाई हसून नाही म्हणाली. “तीन वार. गेली!” – बोट टेकलं तिथेच, त्याच क्षणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्याच्या खुर्चीला!

मी यंत्राकडे बघतच नव्हते. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. सगळ्यांबरोबर मीही दादाकडे बघत होते.

निघताना बॅटरीबुवाच्या कोटाचा खिसा फुगलेला दिसला. आत जादा बॅटरी. “सवय आहे,” म्हणाला. मी माफ केलं.

१६ मार्च

दादा दिवसभर झोपला. यंत्रही.

२ एप्रिल

आमचं काम आता सगळ्या यंत्रांत जाणार! साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझं नाव घेतलं, बुवाचंही घेतलं. बुवाचे कान लाल.

आज दादाच्या यंत्रातल्या नोंदी काढून बघितल्या. आकडे लिलावाच्या वेळेपेक्षाही चांगले! तेव्हा यंत्र जेमतेम बोटाच्या आधी उठायचं. आता उठून, तयार होऊन, वर कितीतरी वेळ बोटाची वाट बघत बसतं. दर आठवड्याला हा वेळ वाढतोच आहे. अजून गाढ झोपवलं तरी चालेल, एवढी सवड आहे! बुवाला दाखवलं. तो बराच वेळ आकडे बघत राहिला. त्याला कौतुक करता येत नाही, दुसरं काय.

९ एप्रिल

सकाळी वहिनीचा फोन. दादाचं बोट उठत नाही.

म्हणजे ती सवड माझ्या हुशारीची नव्हती, बोटच दर आठवड्याला हळू होत चाललं होतं. बुवाला आकडे बघितले त्याच दिवशी कळलं होतं.

आता उरले डोळे. डोळ्यांची हालचाल टिपायची तर कॅमेरा सतत उघडा हवा, प्रोसेसरला डुलकीसुद्धा नाही. आजवरचं सगळं पाटीवरून पुसलं.

मी गेले तेव्हा वहिनी कागदावर अक्षरं लिहून एकेकावर बोट ठेवत होती. हवं ते आलं की दादा डोळे मिटायचा. दुपार गेली एका वाक्यात. तिनं वाचून दाखवलं –

“ठमे, काम वाढवलं बघ तुझं.”